मूल येत नसेल, तर शाळेनं जावं

बी.एड. किंवा डी.एल.एड. (जुनं नाव डी.एड.) करणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर माहीत असेल, या मंडळींना एक निबंध हमखास लिहायला लावतात: 'माझे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान'. अजून एका वर्गावरही स्वतःच्या जबाबदारीवर उभं राहायचं आहे, पण तत्त्वज्ञान मात्र आत्ताच हवं! मग टागोर येतात, ड्यूई येतो, 'बालक हाच केंद्रबिंदू' येतो, 'शिक्षक माळी आणि मुलं फुलं' तर येतंच येतं. पानं भरतात, सही होते, फाइल कपाटात जाते.

चेष्टा करायचा हेतू नाही. आपणही अप्रेझलच्या फॉर्मवर 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' याचं उत्तर असंच लिहितो. पण त्यांच्या निबंधाचा प्रश्न आपल्या फॉर्मपेक्षा खूप खरा आहे. हा निबंध लिहिणारी एखादी मुलगी उद्या शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू होईल. पहिल्या दिवशी हजेरी घेईल. पटावर समजा अठरा नावं आणि समोर बसलेली अकरा मुलं. त्या क्षणी ड्यूई काय म्हणाला याला फारसा अर्थ राहत नाही. प्रश्न एकच उरतो - सात मुलं आलेली नाहीत, आता कोणी हलायचं? मुलांनी की शाळेनं?

माझ्या मते शिक्षकाचं तत्त्वज्ञान म्हणजे या प्रश्नाचं त्यानं दिलेलं उत्तर. बाकी सगळं नंतर. आणि गंमत म्हणजे या प्रश्नाची फार विचारपूर्वक दिलेली उत्तरं आपल्या अगदी शेजारी, जुन्या ठाणे जिल्ह्यात सापडतात. आजचा लेख त्यांच्याबद्दल.

आधी जागा समजून घेऊ

शहापूर आणि मुरबाड आपल्याला तसे माहीत असतात, पण वीकेंडपुरते. आसनगावला उतरून माहुली, मुरबाडच्या बाजूनं गोरखगड नाहीतर सिद्धगड, पावसाळ्यात माळशेज. शहापूर तालुक्याला निदान कसाऱ्याची लोकल आहे. मुरबाडला आजही रेल्वे नाही, कल्याणहून एसटी पकडायची. मुंबईकरांचं या भागाशी आणखी एक नातं आहे, ते नळातून येतं. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतात, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो.

गाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक देऊळ, एक पार आणि भोवती घरं येतात. इथं गाव म्हणजे लांबलांब विखुरलेले पाडे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशी वस्ती. मध्ये ओढा, डोंगराची सोंड, जंगल. नकाशावर शाळा एक किलोमीटरवर असते, पण जुलैमध्ये ओढा भरला की ते एक किलोमीटर सहा वर्षांच्या पोराला पार होत नाही.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि एप्रिल-मेमध्ये संपतं. इथल्या अनेक कुटुंबांचं वर्ष वेगळं असतं. पावसाळ्यात भात, दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि ती झाली की बिऱ्हाड उचलून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे जूनमध्ये पट भरलेला असतो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रिकामा होतो. मूल नापास होत नाही, नुसतं नाहीसं होतं.

तिसरी गोष्ट भाषेची. घरी कातकरी किंवा ठाकरी बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. मास्तर विचारतात, मूल गप्प. मास्तरांना वाटतं याला येत नाही. मुलाला वाटतं हे आपल्याशी बोलतच नाहीत. मूल शाळेत बसलेलं असूनही 'आलेलं' नसतं ते असं.

(एक खुलासा. डहाणू, तलासरी, जव्हार वगैरे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. त्याआधीच्या इतिहासात मात्र हा सगळा एकच ठाणे जिल्हा आहे, म्हणून खाली आपल्याला थोडं डहाणूकडे जावं लागेल.)

नांगर धरणारा मास्तर

'शिक्षक कसा असावा' यावर महाराष्ट्रातलं अतिशय रोखठोक उत्तर १८८२ सालचं आहे. हंटर यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकार शेतकऱ्याकडून पैसा गोळा करतं आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं, ही त्यांची मुख्य तक्रार. पण त्यात प्राथमिक शिक्षकाबद्दल जे आहे ते आज वाचतानाही दचकायला होतं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, प्रशिक्षण घेतलेला हवा, लोकांत मिसळणारा हवा, आणि नांगराचा दांडा किंवा सुताराचं हत्यार हातात धरायला त्याला लाज वाटता कामा नये. पगारही बरा हवा, असं त्यांनी आकड्यांसकट सांगितलं होतं.

यातली मेख लक्षात घ्या. फुले शिक्षकाचं 'ज्ञान' मोजत बसले नाहीत. त्यांनी अंतर मोजलं. मास्तर आणि मूल यांच्यात जेवढं सामाजिक अंतर जास्त, तेवढी शाळा लांब. मग ती गावाच्या मधोमध का असेना.

सिद्धगडाच्या पायथ्याशी

साठ वर्षं पुढे येऊ, ते थेट मुरबाड तालुक्यात. सिद्धगडला ट्रेकला गेलेल्यांनी हुतात्मा स्मारक पाहिलं असेल. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथं पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. १९४२ च्या आंदोलनात मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे ते नेते, एवढं आपल्याला ठाऊक असतं. (काहींना सिनेमामुळे ठाऊक असतं, तेही चालेल.)

फारसं ठाऊक नसतं ते हे, की मनोऱ्यांच्या आधी कोतवालांनी शाळा काढल्या होत्या. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेला हा माणूस वकील झाला आणि परत आपल्याच डोंगरात आला. आसपासच्या शेतकरी-आदिवासी मुलांसाठी शाळा सुरू केल्या आणि त्याचबरोबर धान्यकोठ्याही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडे जावं लागे, आणि कर्ज फेडता फेडता पुढच्या पिढीचे हातही गहाण पडत. कोठीतून धान्य मिळालं तर सावकाराची पायरी चढावी लागत नाही.

शाळा आणि धान्यकोठी या दोन गोष्टी एकाच माणसानं एकत्र काढल्या हा मला योगायोग वाटत नाही. 'मूल का येत नाही' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारत गेलं, की उत्तर शाळेच्या भिंतीबाहेर निघतं.

१९४५: एकाच जिल्ह्यात दोन गोष्टी

आता १९४५. या एका वर्षात ठाणे जिल्ह्यात दोन गोष्टी घडल्या, आणि त्या एकत्र सांगितल्याशिवाय दोन्ही नीट कळत नाहीत.

पहिली: जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. (होय, आपण गणपतीला जातो तेच टिटवाळा.) तिथून प्रेरणा घेऊन गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी डहाणू-उंबरगावच्या वारल्यांमध्ये काम सुरू केलं. परिस्थिती काय होती? वेठबिगार आणि 'लग्नगडी'. म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. मे महिन्यात वारल्यांनी वेठ नाकारली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं मेली. पण वेठ मोडली. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याचंच.

दुसरी: त्याच वर्षी डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डीला ताराबाई मोडक नावाच्या ५३ वर्षांच्या बाई बालवाडी काढायला आल्या.

ताराबाईंना तोवर काही सिद्ध करायचं शिल्लक नव्हतं. १८९२ चा जन्म, १९१४ च्या पदवीधर. संसार मोडल्यावर राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. बंगला, मान, पगार सगळं होतं. १९२३ मध्ये ते सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, कारण तिथं लहान मुलांना मार न देता, भीती न घालता शिकवायचा प्रयोग चालला होता. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. दादरच्या मध्यमवर्गात मोंटेसोरी पद्धत रुजली त्यात त्यांचा मोठा वाटा. त्या वयात, त्या नावावर, माणूस अध्यक्षीय भाषणं करतो. ताराबाई खेड्यात गेल्या. मोंटेसोरीची साधनं महाग, ती गरिबाच्या मुलाला कुठून परवडणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

त्यांना साथीदार मिळाल्या अनुताई वाघ. १९१० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या, चांदवडला आणि मग पुण्यात हुजूरपागेत शिकवलं. १९४५ मध्ये बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्यातली पक्की नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, म्हणजे १९९२ मध्ये जाईपर्यंत, त्याच भागात राहिल्या.

आंगण, कुरण, पाळणा

आता मुख्य गोष्ट. बोर्डीला बालवाडी निघाली, साधनं आली, बाई तयार. पण हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात.

इथं दोन मार्ग होते. एक म्हणजे 'या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही' असं अहवालात लिहून मोकळं व्हायचं. (युजर लॉगिनच करत नसेल तर 'युजर बिनडोक आहे' असं म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत.) ताराबाई-अनुताईंनी दुसरा मार्ग धरला. साधनं उचलली आणि पाड्यावर गेल्या. एखाद्या घराचं आंगण झाडून घेतलं, तिथंच मुलं गोळा केली. आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं हाच पहिला तास. ही आंगण बालवाडी. 'अंगणवाडी' हा शब्द इथून आला. मोंटेसोरीच्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी पानं, बिया, शिंपले, खडे, काड्या आल्या. मोजायला, जोडायला, रंग ओळखायला त्या मुळीच कमी पडल्या नाहीत. शिवाय मुलाला त्या ओळखीच्या होत्या.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली वस्तीच्या मध्ये. इथं प्रश्न आणखी बिकट. सहा-सात वर्षांचं मूल म्हणजे घरातला कामाचा माणूस. मुलगा गुरं राखतो, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते. मग काय केलं? गुरं सोडून मुलगा येऊ शकत नाही ना, मग शिक्षक गुरांमागे माळावर गेले. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली शिकतायत. ही कुरणशाळा. मुलगी भावंडाला सोडून येऊ शकत नाही ना, मग तिनं त्यालाही घेऊन यावं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ही विकासवाडी. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

नीट पाहिलं तर हे सगळे 'उपक्रम' म्हणजे गैरहजेरीच्या कारणांची यादी आहे. गुरं - कुरणशाळा. धाकटं भावंडं - पाळणाघर. शाळेची भीती - आंगण. दिवसभराची मजुरी - रात्रशाळा. प्रत्येक कारणाला त्यांनी सबब न मानता रिक्वायरमेंट मानलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही एक सवय.

या कामावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. कुरणात जाऊन शिकवणं म्हणजे सात वर्षांच्या मुलानं गुरं राखणं मान्यच करणं नव्हे का? मुळात त्याच्यावर ही वेळ येऊ नये यासाठी का लढायचं नाही? इथं १९४५ ची पहिली गोष्ट आठवावी लागते. आईबाप वेठीला जुंपलेले असतील तर कुठलीच शाळा टिकत नाही. ती वेठ मोडायला परुळेकर लागले, लाल बावटा लागला, गोळ्या खाणारी माणसं लागली. पण वेठ मोडली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गुरांमागेच जातो, आणि त्या मुलाचं वय थांबत नाही. व्यवस्था बदलेपर्यंत त्याला थांबवून ठेवता येत नाही म्हणून कुणीतरी माळावर जावं लागतं. दोन्ही कामं लागतात. एकाच माणसाला दोन्ही जमतील असं नाही, पण एकानं दुसऱ्याला फालतू समजू नये.

सरकारचं उत्तर, आणि भट्टीवरची शाळा

सरकारनं या प्रश्नाची दोन्ही प्रकारची उत्तरं देऊन पाहिली.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्रानं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. नाव देशभर गेलं. त्यातलं आंगण मात्र बऱ्याच ठिकाणी चार भिंती आणि रजिस्टरांच्या ढिगात हरवलं. अंगणवाडी सेविका आजही मानधनावर काम करतात, पगारावर नाही, हेही लक्षात ठेवू.

त्याच्या थोडं आधी, १९७२-७३ पासून, महाराष्ट्रात सरकारी आश्रमशाळांची योजना आली. तिचं उत्तर उलटं होतं - मुलालाच आणायचं, राहायला-जेवायला द्यायचं. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि या परिसरात आश्रमशाळाही आहेत. त्यांच्याबद्दल चांगलं-वाईट दोन्ही ऐकू येतं. आईबाप सहा महिने भट्टीवर असताना दोन वेळचं जेवण आणि दहावीपर्यंतचा वर्ग ही छोटी गोष्ट नाही. पण सहा वर्षांचं मूल घर, बोली, रान सगळं सोडून येतं, ही किंमतही छोटी नाही. तेव्हा 'शाळेनंच जावं' हा काही कायदा होऊ शकत नाही. मुलाला हलवायचं असेल तर त्याची किंमत मूल मोजतं, एवढं भान मात्र हवं.

भट्टीवर गेलेल्या मुलांचं काय? याचं उत्तर ठाणे जिल्ह्यातच निघालं. भट्टीवर मजूर कच्च्या विटा आणि गवताच्या ज्या बुटक्या खोपटात राहतात त्याला भोंगा म्हणतात. १९९०च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवरच वर्ग सुरू केले. नाव भोंगाशाळा! याच पंडितांची श्रमजीवी संघटना १९८२ पासून वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढत होती. म्हणजे धान्यकोठी आणि शाळा, तीच जुनी जोडी पुन्हा दिसते.

त्याच सुमारास, २०००-०१ च्या आसपास, सरकारनं वस्तीशाळा काढल्या. जवळपास शाळा नसलेल्या वस्त्यांवर तिथलाच बारावी झालेला तरुण किंवा तरुणी शिक्षक. सुरुवातीचं मानधन महिना १००० रुपये. हे लोक जिल्हा परिषदेच्या सेवेत नियमित झाले ते २०१४ मध्ये. फुल्यांचा 'लोकांतला शिक्षक' १२० वर्षांनी आला खरा, पण त्याच निवेदनातला 'बरा पगार' कुणीतरी पुसून टाकला होता.

फांगणे, मुरबाड

शेवटची गोष्ट पुन्हा मुरबाड तालुक्यातली आणि अगदी अलीकडची. फांगणे नावाच्या लहानशा गावात २०१६ मध्ये शिवजयंतीच्या निमित्तानं वाचन चाललं होतं. म्हाताऱ्या बायका ऐकत होत्या. त्यांनी बोलून दाखवलं, आम्हालाही वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं. असं वाक्य आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या आजीकडून ऐकलेलं असतं. आपण 'हो ना' म्हणतो आणि विषय बदलतो.

तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी विषय बदलला नाही. ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या पंचवीस-तीस आज्या, गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाठीवर दप्तर, हातात पाटी. मोतीराम दलाल ट्रस्टनं साहित्याची मदत केली. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिची सासू तिच्याच वर्गात! फोटो जगभर गेले.

फोटोत जे दिसत नाही ते वेळापत्रक. वर्ग भरायचा दुपारी २ ते ४. का? तर सकाळची कामं आटोपलेली असतात, संध्याकाळच्या चुलीला अवकाश असतो. ज्यांच्या आयुष्यात शाळा कधी बसली नाही, त्यांच्या दिवसातली मोकळी फट शोधून शाळा तिथं बसवली. कुरणशाळेत जे होतं तेच हे, फक्त विद्यार्थी सत्तर वर्षं मोठे.

आणखी एक. या आज्यांना नोकरी करायची नव्हती, परीक्षा द्यायची नव्हती. अंगठ्याऐवजी सही करायची होती, पोथी वाचायची होती. 'शिकून काय उपयोग' या प्रश्नाला मी तरी याहून चांगलं उत्तर ऐकलेलं नाही.

मग त्या निबंधात काय लिहायचं?

हे सगळं आज उगाळायचं कारण आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, महाराष्ट्राचे नियम २०११ चे. त्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. म्हणजे 'शाळेनं जवळ जावं' हे तत्त्व कायद्यात आलं. पण २०२३ मध्ये राज्य सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करता येतील का याची चाचपणी सुरू केली. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त होत्या. मांडणी अशी - चार मुलांच्या शाळेत ना खेळगडी, ना प्रयोगशाळा, ना पुरेसे शिक्षक. त्यापेक्षा बसनं मोठ्या शाळेत न्या. यावर राज्यभरातून विरोध झाला.

आकड्यांच्या माणसाला ही मांडणी पटते, मलाही क्षणभर पटते. सर्व्हर कन्सॉलिडेशन! पण शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर ती वाचून पाहा. बस कुठल्या रस्त्यानं येणार? ओढा भरल्यावर कोण थांबणार? आणि बस चुकली तर कोण गैरहजर, बस की मूल? रजिस्टरमध्ये लाल शेरा मुलाच्याच नावापुढे पडतो. अशा वेळी पहिल्यांदा कोण गळतं हे सांगायला सर्वेक्षण नको. धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी गळते.

हा निर्णय कुठलीही नवी शिक्षिका घेणार नाही, तो मंत्रालयात होईल. तिच्या हातात फार कमी आहे. टीईटी, मग टेट, मग पवित्र पोर्टलची वाट, मग तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन. (ते २०२३ मध्ये ६००० वरून १६००० झालं. आपल्यातल्या कित्येकांचा गाडीचा हप्ता याच्या आसपास असतो.) त्यावर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या, खिचडीचा हिशेब. एवढं सगळं डोक्यावर असताना तिनं अनुताई व्हावं अशी अपेक्षा आपण एसीत बसून करणं हा उद्धटपणा आहे.

पण एक गोष्ट तिच्या हातात नक्की आहे. हजेरीत ज्यांच्यापुढे 'गै' पडतो त्या प्रत्येक नावासमोर ती कारण लिहू शकते. 'पालक उदासीन' हे कारण नव्हे, ते मास्तरांनी आयतं ठेवलेलं लेबल आहे. कारण म्हणजे 'धाकटी बहीण आठ महिन्यांची', 'भिवंडीला भट्टीवर, मेमध्ये येतील', 'ओढ्याला पाणी', 'बोलायला लाजतो, घरी कातकरी बोलतात'. अशी यादी झाली की तत्त्वज्ञान आपोआप सुरू होतं. बहिणीला घेऊन ये म्हणता येतं. भट्टीच्या जवळच्या शाळेतल्या शिक्षकाला फोन करता येतो. शिक्षण हमी पत्रक भरून देता येतं, हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरता येते. त्याच्या बोलीतले दहा शब्द शिकता येतात. यातलं काहीच करता आलं नाही तरी, समूह शाळेचा कागद घेऊन साहेब आले की त्यांच्यापुढे 'पट १८' या आकड्याऐवजी सात मुलांची सात कारणं ठेवता येतात. आकडा खोडता येतो. कारणं खोडायला साहेबांना पाड्यावर यावं लागतं.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. एकीला पद्मभूषण मिळालं, दुसरीला पद्मश्री. तरी शिक्षणशास्त्राच्या त्या निबंधात ड्यूई पहिल्या पानावर असतो आणि या दोघी शेवटी 'इतर विचारवंत'मध्ये एका ओळीत. तुमच्या ओळखीतलं कोणी तो निबंध लिहीत असेल, तर हा क्रम उलटा करायला जरूर सांगा. आणि जमलं तर एवढंही सांगा की परीक्षक चिडले तरी माळ्याचं आणि फुलांचं वाक्य खोडून टाक. त्या जागी सात मुलांची यादी लिही.